पंधरावा क्रमांक आणि घरातली दुसरी जर्सी

*ताई, नमस्कार.*

*मी अडतीस वर्षांचा आहे. लहानपण परळच्या चाळीत गेलं, आता भांडुपला राहतो. १९९९ साली शेजारच्या दादाकडे केबलवर मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबची बार्सिलोनातली चॅम्पियन्स लीगची ती फायनल पाहिली, तेव्हापासून हाच माझा क्लब. यंदा, म्हणजे २०२४-२५च्या हंगामात, आम्ही इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पंधरावे आलो. मॅच हरली की मी कुणाशी बोलत नाही. बायको म्हणते, घरात सुतक असल्यासारखं वाटतं. मे महिन्यात युरोपा लीगची फायनल हरल्यावर रात्री अडीचला मी आमच्याच एका खेळाडूच्या इन्स्टाग्रामवर त्याच्या आईवरून शिवी लिहिली. ती अजून तिथेच आहे.*

*मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याने वाढदिवसाला आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांची, लिव्हरपूलची, त्यांच्या सलाहच्या नावाची जर्सी मागितली. मी पाहुण्यांसमोर त्याला म्हणालो, "तू जिंकणाऱ्यांच्या मागे धावणारा आहेस." आता तो माझ्यासोबत मॅच बघायला बसत नाही. चाळीतल्या मित्रांसोबत मॅच बघायचो, तेही आता मॅनेजर ठेवा की काढा यावरून भांडतात. ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू होईल. मी फुटबॉल बघणं सोडू का? की दुसरा क्लब धरू? प्रश्न क्षुल्लक वाटला तर माफ करा.*

*— भांडुपचा एक युनायटेडवाला*

नमस्कार.

प्रश्न क्षुल्लक नाही. ज्या गोष्टीवर माणसाने आयुष्याची पंचवीसहून जास्त वर्षं जीव लावला, ती डोळ्यांसमोर ढासळताना पाहणं हे दुःखच आहे. "बावीस माणसं एका चेंडूमागे धावतात, त्यात काय एवढं" असं तुम्हाला कुणी म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. मीही तसं म्हणणार नाही.

यंदाचं दुःख नेहमीचंही नव्हतं. अडतीस मॅचपैकी अकरा जिंकल्या, नऊ बरोबरीत सुटल्या आणि अठरा हरल्या. गुण बेचाळीस. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून युनायटेडने इतके कमी गुण कधी मिळवले नव्हते, आणि इतका खालचा क्रमांक १९७४ साली क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला त्यानंतर कधी आला नव्हता. ओल्ड ट्रॅफर्डवर, स्वतःच्या मैदानावर, लीगच्या नऊ मॅच गेल्या. बिल्बाओतली युरोपा लीगची फायनल गेली ती टॉटनहॅमपुढे. तो संघ लीगमध्ये तुमच्याही खाली, सतराव्या क्रमांकावर होता आणि त्याने त्या एका हंगामात युनायटेडला चार वेळा हरवलं. तुम्हाला राग आला यात काहीही चूक नाही. राग आला नसता तरच मला नवल वाटलं असतं.

तुमचं पत्र मात्र मी पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. हा राग तुम्ही तीन ठिकाणी काढला आहे: घरात गप्प राहून बायकोवर, पाहुण्यांसमोर मुलावर आणि मध्यरात्री एका खेळाडूच्या आईवर. क्लबच्या या अवस्थेला या तिघांपैकी कुणीही जबाबदार नाही. जे जबाबदार आहेत त्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. क्लब सोडायचा की धरायचा हे आपण नंतर बघू. आधी राग कुणावर आहे ते नीट ठरवू.

युनायटेडचे मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ साली स्वतःचं तेरावं लीग विजेतेपद घेऊन निवृत्त झाले. त्यानंतर मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग आणि अमोरिम असे २०२५पर्यंत सहा कायम मॅनेजर झाले. प्रत्येकाची खेळायची पद्धत वेगळी. एकाने स्वतःच्या पद्धतीसाठी घेतलेले खेळाडू पुढच्याला नको असायचे, पण त्यांचे करार मात्र चालू राहायचे. २०२४च्या उन्हाळ्यात टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं. जुलैमध्ये आलेले क्रीडा संचालक डिसेंबरात बाहेर पडले. अमोरिम नोव्हेंबरमध्ये, हंगाम चालू असताना आले. तीन बचावपटू आणि दोन्ही बाजूंनी वर-खाली धावणारे विंगबॅक ही त्यांची पद्धत. पण संघ तशा खेळासाठी बांधलेलाच नव्हता, आणि हंगामापूर्वीच्या सरावाचे आठवडे त्यांना मिळाले नाहीत. या सगळ्याच्या मुळाशी २००५ साल आहे. ग्लेझर कुटुंबाने तेव्हा क्लब विकत घेतला आणि त्या खरेदीचं मोठं कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला. त्यानंतर नोकरकपात झाली, आणि हंगाम चालू असतानाच सदस्यांसाठीच्या तिकिटाची किमान किंमत ६६ पौंड झाली. मुलांना सवलत नव्हती, ज्येष्ठांनाही नव्हती.

हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. तरीही लिहिलं, कारण रात्री अडीच वाजता यातलं काहीच आठवत नाही. तेव्हा डोळ्यांसमोर असतो तो एकच चेहरा, ज्याच्या पायातून चेंडू निसटला. वीस वर्षांच्या कारभाराची शिक्षा त्या एकाला मिळते.

त्या शिवीबद्दल स्पष्टच सांगते. हे उत्तर वाचून झालं की फोन उघडा आणि ती काढून टाका. तिथे माफीही लिहू नका; हजारो कमेंटांमध्ये ती कुणी वाचणार नाही, आणि तुमचं मन हलकं करणं हे त्या खेळाडूचं काम नाही. २०२१ मध्ये युरोच्या फायनलला पेनल्टी हुकलेल्या तीन इंग्लिश खेळाडूंवर वर्णद्वेषी शिव्यांचा पूर आला होता. त्यांतला मार्कस रॅशफर्ड तुमच्याच क्लबचा, मँचेस्टरमध्येच वाढलेला. त्याच रात्री विदिंग्टनमधलं त्याचं भित्तिचित्र कुणीतरी विद्रूप केलं. सकाळी आसपासची माणसं, लहान मुलं आली आणि त्यांनी तो भाग चिठ्ठ्यांनी, पत्रांनी झाकून टाकला. त्या दिवशी तुम्ही नक्कीच रॅशफर्डच्या बाजूने होता. मग या मे महिन्यात तुम्ही दुसऱ्या बाजूला उभे होता, हेही मान्य करा. तुम्ही वाईट माणूस आहात असं मला वाटत नाही. तुम्ही हे लपवलं नाहीत, पत्रात लिहिलंत, म्हणजे ते तुम्हाला टोचतंय. पण मॅच चालू असताना फोन हातात ठेवायचा नाही, हा नियम आता तुम्हाला करावाच लागेल. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि सकाळपर्यंत तिथेच राहू द्या.

आता मुलाचं. तुमच्या पत्रातला सगळ्यात जड भाग मला हाच वाटतो.

अकरा वर्षांच्या पोराने सलाहची जर्सी मागितली. लिव्हरपूलने यंदा विसावं लीग विजेतेपद घेतलं आणि युनायटेडच्या वीसशी बरोबरी केली. सलाहने लीगमध्ये एकोणतीस गोल केले. त्या वयाच्या मुलाला तो आवडणार नाही तर कोण आवडेल? तुम्ही त्याला जिंकणाऱ्यांच्या मागे धावणारा म्हणालात. १९९९ साली तुम्ही बारा वर्षांचे होता. त्या मोसमात युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही चषक उचलले. चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध शेवटच्या मिनिटांत शेरिंगहॅम आणि सोल्शायरने गोल केले, आणि परळच्या चाळीतला एक मुलगा टीव्हीसमोर त्या संघाचा झाला. तेव्हा टेबलात पंधराव्या असलेल्या संघावर तुम्ही जीव लावला नव्हतात. तुमच्या मुलाने नेमकं तेच केलं आहे, त्याच वयात. निष्ठा मागाहून येते. हरण्याची वर्षं पुढे येतात तेव्हा कळतं कोण टिकलं. तुम्ही टिकलात. त्याची परीक्षा अजून सुरूही झालेली नाही, आणि तुम्ही त्याला नापास करून मोकळे झालात, तेही पाहुण्यांसमोर.

त्याची माफी मागा. "अरे, मी गंमत केली" असं म्हणून चालणार नाही, मुलांना ते लगेच कळतं. "मी तुला सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं. मी मॅचवर चिडलो होतो आणि राग तुझ्यावर काढला." एवढं पुरे. आणि जर्सी घेऊन द्या, सलाहचीच.

मग त्याला गोष्टी सांगा, कारण त्या तुमच्याकडेच आहेत. लिव्हरपूल १९९० साली लीग जिंकलं आणि पुढचं विजेतेपद मिळालं ते थेट २०२० मध्ये. मधली तीस वर्षं, म्हणजे तुमच्या क्लबचा सगळा सुवर्णकाळ, लिव्हरपूलवाल्यांनी दुसऱ्याचे चषक बघत काढली. त्यांच्याकडेही बाप होते, त्यांनीही पोरांना लाल जर्सी घेऊन दिल्या. तुमच्या मुलाने जो क्लब निवडला आहे त्याचा हा इतिहास त्याला बापाकडून कळला, आणि तोही युनायटेडवाल्या बापाकडून, तर तो लिव्हरपूलवालाच राहील, पण तुमच्या शेजारी बसेल. पत्र वाचताना मला वाटलं, तुम्हाला त्याच्या क्लबपेक्षा त्याची शेजारची रिकामी जागा जास्त लागली आहे.

या निमित्ताने फर्ग्युसन यांच्या गोष्टीबद्दलही बोलते. मॅनेजर ठेवा की काढा या भांडणात तुमच्या मित्रांपैकी कुणीतरी ती नक्की काढत असेल. १९८६च्या नोव्हेंबरात ते आले, पहिली तीन वर्षं एकही चषक हाती लागला नाही, १९८९-९०मध्ये संघ तेरावा आला. डिसेंबर १९८९ मध्ये स्टँडमधल्या एका चाहत्याने त्यांनी आता जावं अशा अर्थाचा फलक धरला. जानेवारीत एफए कपमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला हरवलं, त्या मे महिन्यात कप मिळाला आणि पुढे जे झालं ते जगाला ठाऊक आहे. ही गोष्ट खरी आहे, सुंदरही आहे. पण ती पुरावा म्हणून वापरू नका. भरपूर वेळ मिळूनही काहीच न जमलेले मॅनेजर पुष्कळ झाले, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही एवढंच. "थांबा, सगळं ठीक होईल" असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण होईलच असं नाही. मला त्या गोष्टीतला फलक धरणारा माणूस महत्त्वाचा वाटतो. तो चिडला, आपल्याच स्टँडमध्ये उभा राहून सगळ्यांसमोर चिडला, आणि त्याचा राग निर्णय घेणाऱ्यावर होता. कुणाच्या आईवर नाही.

मँचेस्टरमधले लोक आजही तेच करतात. मार्च २०२५ मध्ये आर्सेनलच्या मॅचआधी हजारो जण काळे कपडे घालून मालकांविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डवर मोर्चाने गेले. २००५ साली ग्लेझर आले तेव्हा काही जण इतके दुखावले की त्यांनी वर्गणी काढून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब उभा केला, अगदी खालच्या श्रेणीतून. भांडुपहून तुम्ही मोर्चाला जाऊ शकत नाही. तुमच्याकडे तिकीट नाही, मत नाही, मैदान सात हजार किलोमीटरहून दूर. तुमच्या चिडण्यातली निम्मी आग हीच असावी. प्रेम पूर्ण आहे, पण हातात काहीच नाही. मात्र एक गोष्ट हातात आहे, ती म्हणजे तुमचे पैसे. दर वर्षी नवी जर्सी, नवा मफलर घेता ना? या वर्षी क्लबचं काहीही विकत घेऊ नका. एका माणसाच्या न घेण्याने मालकांना झळ बसणार नाही हे मलाही कळतं. पण तुमचा राग कुठेतरी शहाणपणाने खर्च व्हायला हवा. (मुलाची जर्सी या बंदीत येत नाही.)

आता तुमचा मूळ प्रश्न: सोडू की बदलू?

बदलू नका. चाळिशीच्या उंबरठ्यावर उभं राहून दुसरा क्लब धरलात, तरी तुमचं लक्ष ओल्ड ट्रॅफर्डच्या स्कोअरकडेच जाणार आणि नव्या क्लबच्या गोलवर तुम्ही उडी मारणार नाही. सोडूही नका, निदान रागात तरी नको. कमी करा. त्यासाठी हा २०२५-२६चा हंगाम सोयीचाही आहे. युनायटेड या वर्षी युरोपच्या कुठल्याच स्पर्धेत नाही. म्हणजे आठवड्याच्या मधल्या वारांच्या साडेबारा-दीडच्या त्या मॅचपैकी बऱ्याचशा नाहीतच. लीगच्या शनिवार-रविवारच्या बहुतेक मॅच आपल्याकडे संध्याकाळी किंवा रात्री दहा-अकरापर्यंत सुरू होतात. मध्यरात्रीपूर्वी सुरू होईल तीच मॅच लाइव्ह बघायची, बाकीच्यांचे हायलाइट्स सकाळी. लोकलमध्ये कुणीतरी स्कोअर सांगून टाकेल, सांगू द्या.

हरल्यानंतरचं मौन वेळेत बांधा. "मला अर्धा तास द्या, मग मी नीट बोलेन" असं बायकोला आधीच सांगून ठेवा, आणि अर्ध्या तासाने खरंच बोला. तिने फुटबॉल समजून घ्यावं ही अपेक्षा नको. तिला फक्त घरातलं सुतक किती वेळ चालणार हे माहीत असायला हवं. मित्रांशी मॅनेजरवरून वाद घालू नका. तो प्रश्न परळच्या टेबलावर सुटणार नाही, मैत्री मात्र तुटेल.

अजून एक, आणि हे मुंबईकर म्हणून. हरणारा क्लब सगळ्यात वाईट असं आपल्याला वाटतं. या शहराने त्याहून वाईट पाहिलं आहे. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा फुटबॉल क्लब कूपरेज मैदानावर खेळायचा. २००५-०६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती, देशातला सगळ्यात मोठा चषक तेव्हा मुंबईत आला होता. २०१० साली तो क्लब बंद झाला. घसरण नाही, शेवटच्या क्रमांकाची नामुष्की नाही; कंपनीने निर्णय घेतला आणि संघ मोडला. कूपरेजला जाणाऱ्या माणसांना चिडायलाही काही उरलं नाही. तुमचा क्लब १९७४ साली दुसऱ्या श्रेणीत गेला, पण वर्षभरात ती श्रेणी जिंकून परत आला, आणि त्या वर्षीही लोक मैदानावर गर्दी करत होते. पंधरावा क्रमांक वाईटच, पण ऑगस्टमध्ये तुमची मॅच आहे.

मुंबईतलं फुटबॉल बघा असंही सांगते, पण त्याने दुःख संपेल या आशेने जाऊ नका. मुंबई सिटीने २०२४ मध्ये मोहन बागानला त्यांच्याच कोलकात्यातल्या सॉल्ट लेक मैदानावर ३-१ हरवून इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) चषक आणला, आणि मार्च २०२५ मध्ये बंगळुरूकडून ५-० मार खाऊन बाहेर पडले. इथेही रडवतात. फरक एवढाच की अंधेरीच्या मैदानावर तुम्ही स्टँडमध्ये असता. ओरडलात तर खेळाडूला ऐकू जातं, आणि त्याचा चेहरा समोर दिसत असताना आईवरून शिवी सहसा तोंडातून निघत नाही. मुंबई सिटीची मॅच असेल तेव्हा मुलाला घेऊन जा. तिथे तुम्हा दोघांचा एकच संघ असेल.

लिव्हरपूल आणि युनायटेड वर्षातून दोनदा लीगमध्ये भिडतात. २०२४-२५च्या हंगामात ओल्ड ट्रॅफर्डवर लिव्हरपूलने ३-० धुतलं. जानेवारीत लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डवर मात्र इतक्या पडक्या युनायटेडनेही भावी विजेत्यांना २-२ रोखलं. त्या दोन्ही मॅच तुम्ही वेगवेगळ्या खोल्यांत बघितल्या असतील का, हे पत्रात नाही. पुढच्या दोन्ही एकाच सोफ्यावर बघा. आधी दोघांनी मिळून नियम ठरवा: जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला दहा मिनिटं हवं तेवढं चिडवायचं, हरणाऱ्याने ते ऐकून घ्यायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायला बसायचं. बहुधा पहिल्यांदा ऐकून घ्यायची पाळी तुमचीच येईल. ऐकून घ्या.

— ताई